लहरी सापडल्या, प्रकाश हरवला

१७ ऑगस्ट २०१७ रोजी, भारतात संध्याकाळचे सहा वाजून गेलेले असताना, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील ‘लायगो’च्या वेधशाळांनी टिपल्या. पाठोपाठ अवघ्या १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट नोंदवला. सुमारे अकरा तासांनी चिलीत रात्र झाली आणि तेथील ‘स्वोप’ या अवघ्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीला, तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू दिसला. आरंभी निळसर असलेला हा ‘किलोनोव्हा’ काही दिवसांतच लालसर होत मावळला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा भक्कम पुरावा त्या प्रकाशाने दिला.

त्यानंतर असे यश वारंवार मिळेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. गुरुत्वीय लहरींच्या संकेतांची संख्या आज शेकड्यांत गेली असली, तरी दृश्य प्रकाशाची निर्विवाद जोड मिळालेली घटना ती एकच. बहुतेक संकेत कृष्णविवरांच्या मीलनाचे असून त्यांतून प्रकाशाची फारशी अपेक्षा नसते, हे याचे एक कारण. दुसरे कारण दिशेच्या अनिश्चिततेचे आहे, आणि त्यावर उपाय करणे माणसाच्या हाती आहे.

गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा दुर्बिणीसारखी एका बिंदूवर रोखता येत नाही. लहर कोणत्या वेधशाळेत किती आधी पोहोचली, यातील काही सहस्रांश सेकंदांच्या फरकावरून दिशेचा अंदाज बांधावा लागतो. दोनच वेधशाळा असतील, तर आकाशात एक लांबलचक पट्टा मिळतो. तिसरी आली की त्याचा ठिपका होतो. २०१५ मधील पहिल्या संकेताची अनिश्चितता सुमारे ६०० चौरस अंशांची, म्हणजे तीन हजार पूर्णचंद्र मावतील एवढी होती. २०१७ मध्ये ती सुमारे ३० चौरस अंशांवर आली, कारण इटलीतील ‘व्हर्गो’ त्याच महिन्यात निरीक्षणात सामील झाली होती. गंमत अशी, की व्हर्गोत तो संकेत जवळजवळ उमटलाच नाही. पण त्या मौनावरूनच, स्रोत तिच्या अंध दिशेला असला पाहिजे, हे उमगले.

याउलट २५ एप्रिल २०१९ चा अनुभव. त्या दिवशी लायगोचे हॅनफर्ड येथील केंद्र बंद होते. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या दुसऱ्या टकरीचा संकेत मिळाला, पण शोधायचे क्षेत्र आठ हजार चौरस अंशांहून मोठे, म्हणजे आकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा! जगभरच्या दुर्बिणींनी धुंडाळूनही हाती काही लागले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका क्षीण संकेतानंतर सापडलेल्या प्रकाशबिंदूबाबतही, तो किलोनोव्हा की नेहमीचा अतिनवतारा, यावर मतभेद झाले.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. लहरींवरून अंतर कळते आणि प्रकाशावरून दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग. दोन्ही जुळले, की विश्वाच्या प्रसरणाचा दर स्वतंत्रपणे मोजता येतो. हा दर किती, यावर आज खगोलशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. ते मिटवायला एक घटना अपुरी आहे.

चिलीतील रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण एका छायाचित्रात सुमारे साडेनऊ चौरस अंश टिपते, त्यामुळे शोध सुकर होईल. लडाखमधील हानले येथे भारताची ‘ग्रोथ’ दुर्बीणही या कामात आहे. पण कोठे पाहायचे हेच ठाऊक नसेल, तर दुर्बिणीची ताकद वाया जाते. म्हणूनच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’चे महत्त्व आहे. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेली ही वेधशाळा दिशेचा अंदाज कितीतरी नेमका करील. मात्र २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळालेल्या या २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळण्यास एप्रिल २०२३ उजाडले. दुसरीकडे, २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक केंद्र बंद करण्याचे सुचवले गेले. एक केंद्र बंद असले म्हणजे काय गमवावे लागते, हे २०१९ ने दाखवून दिले आहे.

२०१७ चे यश कष्टाचे होते, तसेच नशिबाचेही. टक्कर जवळ झाली आणि यंत्रे वेळेवर जागी होती. टकरी कधी व्हाव्यात हे कोणाच्याच हाती नाही. यंत्रे जागी ठेवणे मात्र सरकारांच्या हाती आहे. हिंगोलीतला प्रत्येक महिन्याचा विलंब त्या हिशेबात धरावा लागेल.