घरच्या पनीरचे तेकेन्यो

तेकेन्यो हा व्हेनेझुएलाचा पदार्थ. ताज्या पांढऱ्या चीजची बोटाएवढी कांडी, तिच्याभोवती तिरपी गुंडाळलेली मैद्याची पट्टी आणि मग भर तेलातले तळण, एवढेच त्याचे स्वरूप. राजधानी कराकासजवळच्या लोस तेकेस या शहरावरून त्याला हे नाव पडले असे मानतात. लग्न असो, बारसे असो की वाढदिवस, तेकेन्योचे ताट फिरल्याशिवाय तिथला पाहुणचार पुरा होत नाही. गेल्या दशकभरात ७० लाखांहून अधिक लोक तो देश सोडून गेले आणि जिथे वसले तिथे गोठवलेल्या तेकेन्योंची पाकिटेही पोचली. लातूर-नांदेडच्या घरात हा पदार्थ करायचा तर मैदा, तूप, तेल हाताशी असतेच. प्रश्न उरतो तो चीजचा, आणि म्हशीचे दूध मिळत असेल तर तोही घरातच सुटतो.

तळताना चीज वितळून बाहेर पडेल की आकार धरून राहील, हे त्याच्या घडणीवर ठरते. दुधातले केसीन हे प्रथिन कॅल्शियमच्या आधाराने बांधलेले असते. मोझरेला करताना रेनेटने दूध साकळवतात आणि चोथा हळूहळू आंबू देतात. आम्लता ५.२ पीएचच्या आसपास आली की कॅल्शियमचा बराच भाग सुटलेला असतो, म्हणून उष्णता लागताच प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि चीज ताणले जाते. व्हेनेझुएलात तळणीसाठी वापरतात ते पांढरे चीज फारसे आंबू देत नाहीत. त्यातले कॅल्शियम जागेवर राहते, त्यामुळे ते मऊ होते पण वाहत नाही. पनीर त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोचते. दूध आधी उकळीपर्यंत तापवल्याने त्याच्या पाण्यातली एरवी निसटून जाणारी प्रथिनेही केसीनला चिकटतात. मग लिंबाच्या आंबटाने जी जाळी बनते ती इतकी घट्ट असते, की पुन्हा कितीही तापवले तरी ती वितळत नाही, फक्त पाणी सोडून आणखी आवळते. रेनेटवर केलेले ताजे चीज भारतातही आहे. सुरती पनीर आणि पारशी घरांतले टोपलीतले पनीर त्याच जातीचे, पण ते इतके कोवळे असते की तळणीत टिकत नाही. दुकानात मिळणारे प्रक्रिया केलेले चीज तर मुद्दाम विशिष्ट क्षार घालून वितळते ठेवलेले असते. पट्टीत बारीक फट राहिली तरी ते कढईत उतरते. त्यामुळे या कामाला साधे पनीरच योग्य.

पनीर हा मराठवाड्याच्या घरातला जुना पदार्थ नव्हे. देवणी तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी देवणी गाय दुधालाही चांगली आणि शेतकामालाही. कंधारची लाल कंधारी मुख्यतः बैलांसाठी पाळली गेली. मराठवाडी म्हैस काटक, पण तिचे दूध बेताचे. जे दूध होई त्याचे दही, ताक, लोणी, तूप आणि खवा होत असे. दूध हाताने नासवणे घरच्यांना रुचत नसे. हॉटेले, ढाबे आणि लग्नातल्या आचाऱ्यांच्या हातून पनीर इथे रुळले. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे नांदेडला पंजाबातून येणाऱ्यांचा राबता कायमचा आहे, आणि तिथे पनीरचे भजे कोणाला नवे नाही.

बाजारातले पनीर घेताना एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. म्हशीच्या पाच लिटर दुधातून साधारण एक किलो पनीर निघते, गाईचे दूध त्याहून जास्त लागते. पाच लिटर दुधाच्या भावापेक्षा स्वस्त मिळणारे पनीर निव्वळ दुधाचे असणे अवघड आहे. वनस्पतिजन्य चरबी घालून केलेला माल विकण्यास बंदी नाही, पण तो 'ॲनालॉग' आहे हे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक आहे. सुट्या विक्रीत वेष्टनच नसते. आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला तर पिष्ट आहे एवढेच कळते. पामतेलाची चरबी त्यातून उघडी पडत नाही. लेकरांच्या वाढदिवसाला दुधाच्या नावाखाली पामतेल वाढले जाणे ही क्षुल्लक गोष्ट मानता येत नाही. अन्नसुरक्षा मानकांनुसार पनीरमध्ये पाण्याचा अंश ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि कोरड्या भागात दुधाची चरबी किमान ५० टक्के असावी. घरी केले तर ही खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही.

वीस जणांसाठी साठ तेकेन्यो धरले तर म्हशीचे न पाणावलेले तीन लिटर दूध पुरते. ते ढवळत उकळी आणावे, आच बंद करून पाच-सात मिनिटे थांबावे आणि ७५ अंशांच्या आसपास आल्यावर लिंबूसत्वाचे पाणी बारीक धारेने सोडावे. सहा-सात ग्रॅम लिंबूसत्व सहाशे मिलिलिटर गरम पाण्यात विरघळले की प्रमाण बरोबर बसते. चोथा वेगळा होऊन पाणी हिरवट, नितळ दिसू लागले की थांबावे. त्यानंतरचे आंबट पनीरला भुसभुशीत करते. पाच मिनिटे तसेच ठेवून मलमलच्या फडक्यात गाळावे, चपटी वडी करून वर चार-पाच किलोचे वजन ठेवावे. भाजीच्या पनीरला अर्धा तास पुरतो, इथे तासभर हवा, कारण कांडीत उरलेले जादा पाणीच पुढे तेलात वाफ होऊन पट्टी फोडते. उरलेल्या पनीरच्या पाण्यात कणीक भिजवावी, वरणात घालावे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात जवळपास तीन लिटर पाणी मोरीत ओतवत नाही.

यानंतरची पायरी सहसा गाळली जाते आणि पदार्थ तिथेच फसतो. व्हेनेझुएलाचे चीज मुळातच खारट असते, आपले पनीर अळणी. पट्टीला कितीही मीठ लावले तरी आतली कांडी सपकच लागते. म्हणून वडी थंड झाल्यावर सेंटिमीटरभर जाडीच्या, सहा-सात सेंटिमीटर लांबीच्या कांड्या कापून मिठाच्या पाण्यात, लिटरला पन्नास ग्रॅम या प्रमाणात, दोन-तीन तास बुडवाव्यात. नंतर फडक्यावर पसरून टिपाव्यात आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघड्याच ठेवाव्यात. वरचा पदर कोरडा पडला की गुंडाळताना पट्टी घसरत नाही.

तिकडे पिठात अंडे आणि थोडी साखर असते. शाकाहारी घरात अंड्याशिवायही काम नीट होते: अर्धा किलो मैदा, पन्नास ग्रॅम तुपाचे मोहन, चमचाभर साखर, मीठ आणि भिजवायला पनीरचे थंड पाणी. पीठ करंजीच्या पिठापेक्षा थोडे सैल, पुरीच्या पिठापेक्षा घट्ट असावे. कडकडीत मोहन जास्त झाले तर पट्टी खुसखुशीत होते खरी, पण वळवताना तुटते. अर्धा तास झाकून ठेवल्यावर दोन मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी आणि शंकरपाळ्याच्या कातणाने दीड सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. पट्टीचे टोक कांडीच्या डोक्यावर दुमडून आधी ते तोंड बंद करावे, मग प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत खाली यावे आणि शेवटी पाण्याचे बोट लावून दुसरे तोंड चिमटावे. कुठेही पांढरे दिसता कामा नये. घरातल्या चार हातांनी तासाभरात साठ नग सहज होतात. ताटात एकमेकांना न चिकटवता ते गोठवले तर पुढे डब्यात भरून आठवडाभर ठेवता येतात, आणि समारंभाच्या दिवशी केवळ तळण उरते. पाहुण्यांच्या पदार्थात ही सोय फार मोलाची.

तळणासाठी रिफाइंड सोयाबीन तेल उत्तम, आणि सोयाबीनच्या आडतीसाठी नावाजलेल्या लातूरला ते परके नाही. घाण्याचे करडई तेल चवीला छान असले तरी भर आचेच्या तळणीत लवकर धुरावते. तेल १७० ते १७५ अंशांवर असावे. पिठाची गोळी टाकल्यावर ती तळाशी क्षणभर टेकून बुडबुडे सोडत वर आली की ताप बरोबर झाला. त्याहून थंड तेल पट्टीत मुरते. फार तापलेल्या तेलात बाहेर काळे आणि आत कच्चे पीठ असा प्रकार होतो. गोठवलेले नग तेलाचा ताप झपाट्याने उतरवतात, म्हणून एका वेळी पाच-सहाच सोडावेत आणि झाऱ्याने सारखे फिरवत तीन-चार मिनिटे तळावेत. बुडबुडे मंदावले की आतले पाणी आटत आल्याची खूण समजावी. काढल्यावर कागदावर ढीग न करता जाळीवर ठेवावेत. ढिगातली वाफ पट्टीला मऊ पाडते.

बेसनात बुडवलेले पनीरचे भजे दहा-पंधरा मिनिटांत नरम पडतात, तेकेन्यो अर्धा तास तरी करकरीत राहतात. ज्या घरी पाहुणे एकेक करून येतात तिथे हा फरक फार उपयोगी पडतो. व्हेनेझुएलात सोबतीला ॲव्होकाडो, कोथिंबीर आणि व्हिनेगरची हिरवी चटणी असते. ॲव्होकाडो आणण्याची गरज नाही. घट्ट दह्यात हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर कालवली तर खारट पनीरला ती जोड अधिक साजते. लेकरांसाठी पेरूची जेली ठेवावी, कारण चीज आणि पेरू ही जोडी खुद्द व्हेनेझुएलातही आवडीची आहे. तळल्यावर दोन मिनिटे थांबूनच त्यांच्या हातात द्यावेत, आतले पनीर बराच वेळ चटके देण्याइतके गरम राहते. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर असताना कच्चे, भरलेले नग ओट्यावर ठेवू नयेत. बाहेर ठेवलेले पनीर एका दिवसातच बिघडते, फ्रीजमध्ये सहा-सात दिवस टिकते. गोठवलेल्या डब्यातूनही लागतील तेवढेच काढावेत. उरलेले तेल गाळून एक-दोनदा भाजीला वापरावे, रंग गडद होऊन फेस येऊ लागला की टाकून द्यावे.