उडवू नका हो!

परवाच्या रविवारी पहाटे साडेचारला घर सोडलं. सोलापूर रस्त्याने यवतच्या पुढे एक चहा, मग भिगवण, आणि उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर. पुण्याहून जेमतेम १०० किलोमीटर. सोबत भाऊजी, नववीतली भाची आणि माझी जुनी दुर्बीण. बेत एकच, काहीही करायचं नाही, नुसतं बघत बसायचं.

आणि दिवस तसाच गेला, एक पंधरा मिनिटं सोडली तर. त्या पंधरा मिनिटांबद्दल मला भांडायचंय.

आधी चांगलं सांगतो. उजनीच्या जलाशयात होडी आत शिरली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. चक्रवाकांची एक जोडी, चोच चिखलात घालून फिरणारे थापटे, आणि एका उंचवट्यावर ऊन खात बसलेले पट्टकादंब. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी, सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे, आणि इथे कसा निवांत, पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसल्यासारखा :) भाची तर बोलायचीच थांबली.

मग रोहित दिसले. दोनेकशे तरी असतील. सगळ्यांच्या माना खाली, खाणं चालू. आमच्या नावाडीदादांना म्हटलं, लांबच थांबा. त्यांनी इंजिन बंद करून बांबू रोवला.

तेवढ्यात दुसरी होडी आली. त्यातून आवाज, "दादा, जरा उडवा ना!" होडी सरळ थव्यात. रोहित पाण्यावरून धावत सुटले, उठले, ते लाल-काळे पंख उघडले, कॅमेरे कडकडले, टाळ्यासुद्धा पडल्या. थवा पुढे जाऊन बसला. होडी पुन्हा मागे. असं तीनदा.

भाचीने हळूच विचारलं, "मामा, त्यांचा नाश्ता चालू होता ना?"

आता यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. कारण एकेकाळी मीच ती देत होतो.

पहिलं उत्तर : पक्षी आहे, पंख आहेत, उडला तर बिघडलं काय? तर बिघडतं. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो. एवढंसं अन्न, ते मिळवायला तास न् तास मान खाली. त्याला उथळ पाणी लागतं. उजनी ११७ टीएमसीचं धरण, पण रोहिताच्या कामाचं पाणी फक्त कडेकडेचं, तेही धरण उतरेल तसं सरकणारं. म्हणजे "जाईल दुसरीकडे" म्हणणं सोपं, त्याला दुसरीकडे जागा हवी ना! आणि एवढा मोठा पक्षी उठायला धावावं लागतं, ताकद लागते. ती ताकद आपल्या एका फोटोसाठी का खर्च व्हावी?

दुसरं उत्तर : नावाड्यांची पोटं त्यावर आहेत. अगदी मान्य. १९८० साली हे धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्या काठावरच्या माणसाने मासेमारीसोबत चार पैसे होडीवर कमावले तर मला आनंदच आहे. पण थवा उठवा असं सांगतं कोण? पैसे देणारा. आमचे दादा म्हणाले, "आमालाबी लांबूनच बरं वाटतं सायेब, डिझेल वाचतं. पण गिऱ्हाईक नाराज झालं की दुसऱ्या होडीत बसतंय." त्यामुळे दोष नावाड्याच्या माथी मारू नका. तो आपला आहे.

तिसरं उत्तर सगळ्यात बेरकी : उजनीचं पाणी एवढं घाण झालंय, एका होडीने काय होतंय? अहो, ती घाण कुणाची? आपली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. म्हणजे आठवडाभर आपण पुण्याहून सांडपाणी धाडायचं आणि रविवारी जाऊन पाहुण्यांना ताटावरून उठवायचं!

आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे. मी वकील नाही, कायद्याचा कीस काढत नाही. पण कुरवांपुढे शेव-गाठी उधळणाऱ्यांनीही तो शब्द एकदा वाचावा.

असो. आता कबुली. आमच्या हॉलमधला रोहितांचा मोठा फोटो, ज्याचं तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलंत, मावशीने तर मोठा करून मागून घेतला, तो असाच काढलाय. "दादा, जरा उडवा ना" हे वाक्य त्या दिवशी माझं होतं.

दुपारी भिगवणला चिलापीचं कालवण-भाकरी झाली. परतताना भाचीने वहीत रोहित काढला, मान खाली घातलेला. कॅमेऱ्यातला एकही फोटो इतका खरा नव्हता.

घरी येऊन हॉलमधला फोटो उतरवला. हिचं म्हणणं, खिळ्याला कॅलेंडर लावू. मी भाचीकडे ते चित्र मागितलंय.

तुम्ही या थंडीत भिगवणला जाणार असाल तर एवढंच करा. होडीत बसण्याआधीच सांगा, "दादा, लांब थांबा, उडवू नका." थोडे पैसे जास्त द्या. ते आपणहून उडतातच, संध्याकाळी थांबलात तर दिसेल.