पर्सेंटाइल आले, आता उर्दू कशाला?

फेब्रुवारीत जेईई मेनचा निकाल लागला. मोऱ्यातल्या एका विद्यार्थ्याला चांगले पर्सेंटाइल मिळाले, घरी पेढे वाटले गेले. त्याचे अब्बा मला धक्क्यावर भेटले. म्हणाले, "सर, आता उर्दूच्या पेपरसाठी पोराला कशाला जागवायचं? त्याचं काम झालं."

काम झालेले नसते. जेईईतून आयआयटी-एनआयटीला जायचे तर बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. कोरोनाच्या काळात ही अट शिथिल होती, २०२३ पासून परत आली. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५ टक्के. आपल्या ओबीसी बिरादऱ्यांना मात्र सवलत नाही. शिवाय हे टक्के पाच विषयांचे धरतात आणि त्यात एक भाषा असते. जी उर्दू किंवा मराठी आपण 'पास होण्यापुरती' म्हणून सोडतो, तिच्यामुळेच हातातली सीट जाऊ शकते.

एकट्या पोरांना दोष देऊन काय होणार? क्लासमध्ये भाषेचे नाव कुणी काढत नाही. आणि आम्ही भाषेचे शिक्षक (खरे तेच सांगतो) जानेवारीनंतर रिकाम्या बाकांसमोर हजेरी घेतो आणि गप्प बसतो.

त्या अब्बांना एवढेच म्हणालो, "भाई, उद्या फजरनंतर पाठवा त्याला. पेपरला अजून चार दिवस आहेत."