सळईचे वजन टेपने

सुगी आटोपली की गावात कुठे ना कुठे बांधकाम निघतेच. कुणाचा गोठा, कुणाचा स्लॅब. वाळू-सिमेंटाची घासाघीस आपण चांगली करतो. सळई घेताना मात्र दुकानदार कागदावर टाकील तो आकडा मान्य. माझेही तसेच झाले. गोठ्यासाठी ८ एमएमच्या, १२ मीटर लांबीच्या ४० सळया घेतल्या. दुकानदाराने काटा न लावता, तक्ता पाहून, १९० किलोंचे पैसे लावले. घरच्यांनी हटकले म्हणून गुऱ्हाळाच्या काट्यावर माल घातला, तर भरला १७२ किलो!

१८ किलो लोखंड वाटेत सांडले नव्हते. सळईच बारीक होती, साधारण ७.६ एमएमची.

हा हिशेब घरी करता येतो. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन १ ग्रॅम. तेवढ्याच लोखंडाचे ७.८५ ग्रॅम. यालाच घनता म्हणतात. आकारमानाला घनतेने गुणले की वजन निघते. गोल सळईसाठी याची सोपी रीत अशी : एमएममधली जाडी तिनेच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ एमएमची सळई घ्या. बारा बारे १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. १२ मीटरची अख्खी सळई १०.६७ किलो.

आता तीच ११ एमएमची निघाली तर? ११ गुणिले ११, १२१. अख्खी सळई जेमतेम ९ किलो. जाडीत एका एमएमचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण सळईमागे पावणेदोन किलो कमी. पैसे जातात ते वेगळेच. स्लॅबची ताकद त्या लोखंडावर असते, ही खरी काळजी.

जाडी मोजून पाहू म्हणाल, तर सळईवरच्या आट्यांमुळे माप फसवे येते. वजनच खरे. भारतीय मानकात थोडी सूट आहे : १० एमएमपर्यंतच्या मालाला वजनात ७ टक्के, १२ ते १६ एमएमला ५ टक्के इकडेतिकडे. माझा माल साडेनऊ टक्के कमी होता.

१६२ हा आकडा फक्त लोखंडाच्या गोल सळईचा, बरे का. ॲल्युमिनियमची घनता २.७, तिथे तो चालणार नाही. धान्याच्या कोठीचा पत्रा घेताना मात्र आणखी सोपे : १ एमएम जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो.

तेव्हा गाडी उतरवण्याआधी एका सळईचा बरोबर १ मीटरचा तुकडा कापून घ्या आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. ८ एमएमचा ३९५ ग्रॅम, १० एमएमचा ६१७, १२ एमएमचा ८९० च्या आसपास भरला पाहिजे. तुकडा वाया जात नाही, कडीला कामी येतो.