पांढऱ्या बॉलकडे बघा

लहानपणी कॅरमवर हात बसलेल्या माणसाला पूलचं टेबल दिसलं की उगाचच आत्मविश्वास चढतो. मलाही चढला होता. अमेरिकेत आल्यावर ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये पहिल्यांदा क्यू हातात धरला, दोन-चार अवघड बॉल पॉकेटात घातले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि गेम मात्र दरवेळी हरलो. हरवायचे निवृत्तीला आलेले एक सहकारी. त्यांचा एकही शॉट तोंडात बोट घालावं असा नसे. प्रत्येक बॉल आपला जवळून, सरळ, पॉकेटात. नशीबवान म्हातारा, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घ्यायचो. शेवटी त्यांनीच सांगितलं की तू रंगीत बॉल बघतोस, पांढरा बघत जा. आणि मग विली मॉस्कोनीचं नाव घेतलं.

कॅरममध्ये स्ट्रायकर दरवेळी उचलून रेषेवर ठेवायला मिळतो. पूलमध्ये ती चैन नाही. पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचं खेळायचं. म्हणजे समोरचा बॉल घालणं हे निम्मंच काम. घातल्यावर पांढरा कुठे जाऊन उभा राहील, हे खरं काम. ते जमलं की पुढचा शॉट सोपा होतो, त्याच्या पुढचाही.

मॉस्कोनीचा जन्म १९१३ चा, फिलाडेल्फियाचा. वडिलांचा पूलचा अड्डा होता, पण पोराने या नादाला लागू नये म्हणून ते सामान कुलपात ठेवत. पोरगा बटाटे आणि केरसुणीचा दांडा घेऊन सराव करायचा! १९४१ ते १९५७ या काळात तो १५ वेळा जगज्जेता झाला.

त्याचा खेळ 'स्ट्रेट पूल'. १५ पैकी १४ बॉल घालायचे, शेवटचा तसाच ठेवायचा, १४ पुन्हा त्रिकोणात रचायचे. मग तो उरलेला घालताना पांढऱ्याने जाऊन नवा ढीगही फोडायचा. म्हणजे शेवटचा बॉल आणि पांढरा कुठे उभे हवेत, हे चार-पाच शॉट आधीच ठरलेलं पाहिजे. १९ मार्च १९५४ ला ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात त्याने न चुकता सलग ५२६ बॉल घातले. हिशेब करा, ३७ वेळा बॉल नव्याने रचावे लागले!

टेबल नेहमीच्या ९ फुटांऐवजी ८ फुटी होतं, असं नाक मुरडणारे आहेत. पुढे २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४ केले, तेही मोठ्या टेबलावर. मान्य. पण माझ्या मते मॉस्कोनीचं मोठेपण त्या आकड्यात नाहीच. अवघड शॉट मारण्याची वेळच स्वतःवर येऊ द्यायची नाही, यात आहे.

आता गंमत बघा. सूट घालून खेळणाऱ्या या माणसाला पूलची जुगारी बदनामी पुसायची होती. १९६१ च्या 'द हसलर' सिनेमाचा तो तांत्रिक सल्लागार होता, काही शॉट्सना पडद्यावर हातही त्याचेच. त्याला छोटी भूमिका मिळाली ती मात्र पैजेचे पैसे सांभाळणाऱ्याची! सिनेमा गाजल्यावर रुडॉल्फ वॉन्डरोन नावाच्या बोलघेवड्या खेळाडूने त्यातल्या पात्राचं 'मिनेसोटा फॅट्स' हे नाव स्वतःला लावून घेतलं आणि घराघरांत पोचला. १९७८ मध्ये टीव्हीवर दोघांचा सामना झाला. फॅट्स अखंड बडबडला, मॉस्कोनी जिंकला. तरी पुष्कळांच्या लक्षात राहिला तो फॅट्सच.

लोकांना हसण्याचा मला अधिकार नाही. टीम लीड असताना माझ्या हाताखाली एक मुलगी होती. तिच्या कोडमधून कधी रात्री-बेरात्री फोन आला नाही. दुसऱ्याचं सारखं कोसळायचं आणि तो रात्रभर जागून ते उभं करायचा. वर्षअखेरीला मी त्याला 'उत्कृष्ट' लिहिलं, तिला 'समाधानकारक'. तिने काही वाद घातला नाही. काही महिन्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर रात्रीचे फोन मला येऊ लागले, तेव्हा कुठे कळलं की ती काय काय आधीच बघून ठेवत होती.

आमच्या ब्रेकरूममधला म्हातारा नशीबवान नव्हता. टाळ्या मात्र मलाच मिळायच्या, कारण अवघड शॉट मीच मारायचो. ते शॉट अवघड करून ठेवणाराही मीच, हे कोणी बघत नव्हतं.

असो. मॉस्कोनीच्या जुन्या फिती पाहायला मिळतात. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, 'हे तर मीही केलं असतं' असं वाटेल. तसं वाटलं की समजा, नजर अजून रंगीत बॉलवरच आहे.