पाल्कची सामुद्रधुनी : भिंत की तिजारतीची वाट?

जालन्यापासून समुद्र दूर. मग इथल्या कापड दुकानदाराने भारत आणि श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीवर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. मद्रासी चौकडीच्या लुंग्या आम्ही वर्षानुवर्षे विकत आलो. तशा कापडाचा जुना व्यापार याच पाण्यावरून चाले. उर्दू शाळेत सामुद्रधुनीला 'आबनाए' म्हणत आम्ही ती नकाशावर नुसती पाठ केली. तिचे मोल धंद्यात पडल्यावर कळले.

इथले पाणी उथळ. मोठी जहाजे श्रीलंकेला वळसा घालून जातात. त्यामुळे ही वाट छोट्या गलबतांची राहिली. नागूर, नागपट्टणमचे मरक्कायर मुसलमान व्यापारी तिकडे तांदूळ व कापड नेत आणि सुपारी आणत. अठराव्या शतकात या भागावर तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. हे घराणे मूळ वेरूळचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यातील प्रतापसिंह राजांनी (1739-1763) नागूरच्या शाहुल हमीद दर्ग्याचा सर्वांत उंच, सुमारे 131 फुटांचा मिनार बांधून दिला. त्यात श्रद्धा होतीच. पण ज्यांच्या मेहनतीवर बंदर चालते त्यांना आपले मानण्याचे शहाणपणही होते, असे आम्हाला वाटते.

1914 पासून धनुष्कोडी ते तलैमन्नार आगबोट सुरू झाली. मद्रासहून रेल्वेने निघालेला माणूस तिच्यातून कोलंबोकडे जाई. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. पुढे रामेश्वरमहून चालणारी बोटही श्रीलंकेतील यादवीच्या काळात बंद पडली. 1974 च्या कराराने पाण्यात सीमा आखली गेली आणि कच्चतीवु बेट श्रीलंकेकडे गेले. आता तमिळनाडूचे मच्छीमार सीमा ओलांडली की पकडले जातात. तिकडच्या गरीब मच्छीमारांची तक्रार अशी की, आपले ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात. श्रीलंकेने 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. दोन्हीकडच्या चुली याच पाण्यावर पेटतात, म्हणून न्यायही दोघांचा पाहिला पाहिजे.

दोन्ही देशांचा मुक्त व्यापार करार 1998 मध्ये झाला आणि 2000 पासून लागू झाला. पण कंटेनर भरून माल पाठवणे मोठ्यांना जमते. चार गाठींच्या व्यापाऱ्याने काय करावे? ऑक्टोबर 2023 मध्ये नागपट्टणमहून कांकेसंतुरैला प्रवासी बोट निघाली, लगेच थांबली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. हे चांगलेच झाले. आमची सूचना एवढीच की, त्याच मार्गावर छोट्या व्यापाऱ्यांसाठी मालबोटही असावी आणि जकातीचे कागद सोपे असावेत.

पेठेत शेजारच्या दुकानदाराशी कुरबुर झाली म्हणून कोणी मधला रस्ता बंद करीत नाही. दोन्ही सरकारांनी एवढा व्यवहार जाणावा.