कॉलेजची पायरी व पलटणीची वाट

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : मुलानें आतां पुढें काय करावें? आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांत या प्रश्नाचें एक उत्तर फार जुनें व मानाचें आहे. तें म्हणजे सैन्यांत जाणें. आजही पहाटेच्या अंधारांत गांवोगांवच्या रस्त्यांवर धांवण्याचा सराव करणारे तरुण दिसतात. भरतीची तयारी करून देणाऱ्या अकादम्या ठिकठिकाणीं निघाल्या आहेत. आणि अकरावी-बारावीच्या हजेरीपटावर नांव असूनही ज्यांचें मन व शरीर मैदानावरच असतें, असे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहेत. हीं मुलें आळशी नव्हेत. पहाटे चारला उठून नित्यनेमानें धांवणाऱ्या मुलाच्या अंगीं जी चिकाटी असते, ती पुस्तकी हुशारीहून कमी मोलाची नाहीं. म्हणूनच त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटतें.

कॉलेजांत जाऊं शकणाऱ्या मुलानें सैन्यांत जावें कीं जाऊं नये, असा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं. देशास सैन्य पाहिजे व सैन्यास चांगले तरुण पाहिजेत, हें उघड आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शिक्षणाचा धागा तोडून सैन्यांत जाऊं नये. आणि ज्यास परिस्थितीमुळें तो तोडावा लागला, त्यास तो पुन्हां जोडून देण्याची जबाबदारी समाजानें, विशेषतः शाळा-कॉलेजांनीं, आपल्या शिरावर घ्यावी.

यावरून शिपायाचें काम हलकें आहे, असा अर्थ कोणीं काढूं नये. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ सालीं उभी राहिली, आणि त्या रेजिमेंटचें केंद्र आपल्या शेजारीं बेळगांवास आहे. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून व आपल्या शिरोळ तालुक्यांतील टाकळी हें गांव 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखलें जातें. हा मान मागून मिळालेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १० जुलै १९४४ रोजीं, इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीचे जवान शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यानें पडले, तेव्हां ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले व त्यांनीं तें काबीज केलें. लागलीच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं त्यांचा अंत झाला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या या वीराचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. अशा शौर्यास पदवीचें माप लावणें हा मूर्खपणा होईल.

परंतु शूर तरुणांकडून समाजानें काय घ्यावें व त्यांस काय द्यावें, याचा विचार आपल्या थोर पुढाऱ्यांनीं पूर्वींच केलेला आहे. १९१८ सालीं पहिल्या महायुद्धाची भरती जोरांत चालू असतांना लोकमान्य टिळकांनीं महात्मा गांधींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठविला. हिंदी लोकांस सैन्यांत अधिकाराच्या जागा देण्याचें वचन सरकारकडून मिळवा, म्हणजे महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देतों. न दिल्यास ही रक्कम दंड समजा, असा त्यांचा पण होता. गांधींनीं चेक परत केला, ही गोष्ट निराळी. लोकमान्यांचा मुद्दा मात्र स्वच्छ होता : आमचा तरुण रक्त देण्यास तयार आहे, पण त्याच्या बुद्धीसही सैन्यांत जागा पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १९१७ सालीं, आपल्या करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. महायुद्धाच्या धामधुमींतही शाळेचें काम लांबणीवर टाकावें असें त्यांस वाटलें नाहीं, हें आम्ही करवीरकरांनीं विसरतां कामा नये.

अधिकाराच्या जागेवर बुद्धिमान मनुष्य गेला म्हणजे काय होतें, याचें उदाहरणही दूर शोधावयास नको. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजांत शिकून अधिकारी झाले. १९४५ च्या जानेवारींत ब्रह्मदेशांतील कांगॉच्या लढाईंत त्यांनीं पलटणीचें नेतृत्व करून डी. एस. ओ. हें पदक मिळविलें. पण त्यांची त्याहून मोठी देशसेवा कदाचित् नकाशांच्या टेबलावर झाली असेल. १९५९-६० मध्यें पूर्व विभागाचे सेनापति असतांना चीनचें आक्रमण झाल्यास तें कसें येईल व त्यास तोंड देण्यास आपलें बळ किती अपुरें आहे, हें त्यांनीं विचारपूर्वक मांडून वरिष्ठांपुढें ठेविलें. त्या इशाऱ्याची कदर झाली नाहीं, आणि १९६२ सालीं देशास त्याचें फळ भोगावें लागलें. शौर्याप्रमाणें अभ्यासही देशाचें रक्षण करतो, हें यावरून शिकावें.

आतां आजच्या भरतीच्या अटी पाहूं. १४ जून २०२२ रोजीं केंद्र सरकारनें 'अग्निपथ' योजना जाहीर केली. साडेसतरा वर्षें पुरीं झालेला तरुण तींत 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांकरितां घेतला जातो. जाहीर झालेल्या हिशेबाप्रमाणें पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये वेतन. त्यांतील ९,००० सेवानिधींत जमा होऊन २१,००० हातीं येतात. चौथ्या वर्षीं हेंच वेतन ४०,००० व हातीं येणारी रक्कम २८,००० होते. जितकी रक्कम मुलाच्या वेतनांतून कापली जाते तितकीच सरकार घालतें, आणि चार वर्षांअखेर व्याजासह सुमारें ११ लक्ष ७१ हजार रुपये करमुक्त मिळतात. निवृत्तिवेतन नाहीं. शंभरांतील जास्तींत जास्त पंचवीस जणांस पुढें कायम ठेवावयाचें, आणि बाकीच्यांनीं घरीं यावयाचें. पहिली तुकडी २०२३ च्या प्रारंभाच्या सुमारास शिक्षण-केंद्रांत दाखल झाली. तिचीं चार वर्षें २०२७ च्या प्रारंभाच्या सुमारास भरतात.

हे आंकडे आम्ही निंदेकरितां देत नाहीं. शिस्त, निकोप शरीर आणि गांठीस अकरा लक्ष रुपये घेऊन एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीं परतणारा मुलगा कांहीं हतभागी नव्हे. पण त्याचा वर्गमित्र तोंवर पदवीधर झालेला असेल, आणि याच्या हातीं मात्र कदाचित् दहावीचेंच प्रमाणपत्र असेल. कारण सामान्य शिपायाच्या जागेस तेवढें पुरतें. आज चार मुलांनीं एकत्र धांवावयास सुरुवात केली व चौघेही भरती झाले, तरी त्यांतील तिघांस पुन्हां पहिल्या पायरीवर उभें राहावें लागणार, हा हिशेब मैदानावर सहसा कोणी सांगत नाहीं. तो घरांत व शाळेंत सांगितला पाहिजे.

"देशसेवेंत हिशेब कसला?" असें कोणी म्हणेल. पण ठाण्यावर जाण्यापूर्वीं आपल्याजवळ गोळ्या किती आहेत हें मोजून पाहणारा शिपाई भित्रा ठरत नाहीं. जाणून दिलेली सेवा ही न जाणतां दिलेल्या सेवेपेक्षां श्रेष्ठच होय. दुसरा आक्षेप याहून जड आहे. "घरीं दोन एकर कोरडवाहू जमीन, बहिणीचें लग्न व्हावयाचें, बापावर सोसायटीचें कर्ज, अशा मुलानें तीन वर्षें कॉलेजांत काढावीं कशीं?" या प्रश्नापुढें उपदेश करणें आम्हांस साजत नाहीं. अशा घरास दरमहा येणारे एकवीस हजार रुपये म्हणजे मोठा आधार आहे. त्या मुलानें खुशाल जावें, आणि मानानें जावें. मात्र बारावी पुरी करून जावें, व नोकरींत असतां अभ्यास सोडूं नये. दहावी झालेल्या अग्निवीरास बारावीची व पुढें पदवीची सोय मुक्त शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थांमार्फत करण्याचें सरकारनें २०२२ सालींच जाहीर केलें आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदवींत निम्मे गुण-श्रेय सैनिकी शिक्षणाबद्दल धरावयाचें, अशी ती योजना आहे. भरती होतांनाच हिची चौकशी करावी.

ज्यांच्या घरची स्थिति थोडी बरी आहे, त्यांनीं तर अधिक उंच दाराकडे पाहावें. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा वर्षांतून दोनदां होते. बारावींत शिकणारा विद्यार्थीही तीस बसूं शकतो. तेथें तीन वर्षांच्या सैनिकी शिक्षणाबरोबर पदवीही मिळते. म्हणजे कॉलेज व पलटण यांतील एकाची निवड करावी लागत नाहीं. हें दार २०२२ पासून मुलींसही उघडें झालें असून त्यांतील पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्यें शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं लक्षांत ठेवावी. दहावीनंतर या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगर येथें १९७७ पासून आहे. साताऱ्याची सैनिक शाळा तर १९६१ पासून चालूं आहे. पदवीनंतरही परीक्षा देऊन अधिकारी होतां येतें, आणि राष्ट्रीय छात्रसेनेचें 'सी' प्रमाणपत्र मिळविलेल्या पदवीधरास लेखी परीक्षेवांचून थेट मुलाखतीचा मार्ग आहे. गणित व इंग्रजी यांचा कंटाळा करून सैन्यांत पळूं पाहणाऱ्या मित्रांनीं हेंही ऐकावें कीं, खडकवासल्याच्या दारावर हेच दोन पहारेकरी उभे आहेत!

परदेशांत याविषयीं काय केलें गेलें, तेंही पाहण्याजोगें आहे. अमेरिकेनें जून १९४४ मध्यें, युद्ध संपण्यापूर्वींच, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें सोसावा असा कायदा केला. १९५६ पर्यंत सुमारें ७८ लक्ष सैनिकांनीं त्याचा लाभ घेतला, व त्यांपैकीं सुमारें २२ लक्ष कॉलेजांत गेले. तेथें १९७३ सालीं सक्तीची भरती बंद झाल्यावर कॉलेजकडे निघालेल्या तरुणांस सैन्याकडे वळविण्याचें मोठें साधन हेंच ठरलें : आधीं सेवा कर, मग तुझ्या शिक्षणाचा भार आम्ही उचलूं. आपल्या सेवानिधीची रक्कम शिक्षणास लावतां येईल, हें खरें. पण ती घर बांधण्यांत किंवा कर्ज फेडण्यांत जाण्याचाच संभव अधिक. शिक्षणाकरितां निराळी तरतूद झाली तर तिचें सोनें होईल.

पालकहो, मुलगा भरतीची गोष्ट काढील तेव्हां त्यास रागावूं नका, आणि नुसती पाठही थोपटूं नका. त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारा. तूं कोणत्या दारानें जात आहेस? चार वर्षांनीं परत आलास तर काय करशील? आणि भरती झाली नाहीं तर पुढच्या जूनमध्यें कोणत्या वर्गांत बसशील? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण मैदानावर उतरणाऱ्यांपैकीं थोड्यांचीच निवड होते, आणि अकादमीची फी भरून दोन-तीन वर्षें घालविलेला मुलगा ना कॉलेजचा ना पलटणीचा असा होऊन बसतो.

शेवटीं, आम्हां शिक्षकांचें व कॉलेजांचें कर्तव्य. भरती झालेल्या मुलास हार घालून निरोप देण्याची आपली रीत चांगली आहे. पण ती अर्धीच आहे. बाविसाव्या वर्षीं तो परत येईल तेव्हां अठरा वर्षांच्या मुलांबरोबर वर्गांत बसावयास त्यास संकोच वाटेल. त्यास प्रवेश सुलभ करणें, त्याची फी माफ करणें, त्याच्यासाठीं सायंकाळचे वर्ग चालविणें, हें कांहीं अशक्य नाहीं. बोर्डिंगें काढून खेड्यांतील मुलांस शहरांत आणणाऱ्या शाहू महाराजांच्या नगरीस तर तें मुळींच अवघड नसावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही अवश्य पलटणींत जा. पण पुस्तकास रामराम करून जाऊं नका. आणि परत याल तेव्हां तुमच्यासाठीं बांक मोकळा ठेवणें, हें आमचें काम.